मेदिचींची पेढी : विस्तार आणि विश्वास

व्यापाराचा इतिहास हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः देशोदेशी पसरलेला व्यापार हा लेखनाचाही व्यवहार असतो. मालक एका देशी, शाखा दुसऱ्या देशी. मधला सारा कारभार पत्रे, करारनामे आणि हिशेबवह्या यांच्या आधारे चाले. फ्लोरेन्सच्या मेदिची पेढीचा उत्कर्ष व ऱ्हास आम्हांला या दृष्टीने अभ्यसनीय वाटतो.

जोव्हान्नी दी बिच्चीने १३९७मध्ये फ्लोरेन्स येथे ही पेढी स्थापन केली. त्याचा पुत्र कोझिमो याच्या काळात ती झपाट्याने वाढली. १४३९मध्ये ब्रूज, १४४६मध्ये लंडन अशा शाखा निघत गेल्या. या विस्तारामागे केवळ हाव नव्हती. चर्चने व्याज निषिद्ध ठरवले होते. मात्र एका देशात दिलेली रक्कम दुसऱ्या देशात, दुसऱ्या चलनात वसूल केली, तर दरांतील फरकातून होणारा नफा व्याज म्हणून गणला जात नसे. आपल्या हुंडीशी नाते सांगणाऱ्या या विनिमयपत्रांमुळे सीमा ओलांडणे ही धंद्याची गरजच होती.

परंतु दूरच्या शाखेवर ताबा कसा ठेवायचा? मेदिचींनी प्रत्येक शाखा ही स्वतंत्र भागीदारी केली. भांडवलाचा मोठा हिस्सा त्यांचा. स्थानिक व्यवस्थापक हा कनिष्ठ भागीदार आणि नफ्याचा वाटेकरी. एक शाखा बुडाली, तरी दुसरीला झळ लागू नये, हा हेतू. १४५५मध्ये लंडनहून आलेल्या लोकरीच्या सदोष गठ्ठ्यांबद्दल ब्रूजच्या शाखेवर दावा लागला, तेव्हा तोम्माझो पोर्तिनारीने ‘लंडनची शाखा निराळी’ असा बचाव केला व तो मान्य झाला.

त्याच वर्षी ब्रूजचा व्यवस्थापक आंजेलो तानी याच्याशी झालेला करार वाचण्यासारखा आहे. उधारी द्यायची ती व्यापाऱ्यांना आणि कुशल कारागिरांना; जुगार वर्ज्य; पेढीच्या खर्चाने बाई ठेवणेही वर्ज्य. माणसाचा मोह कोठे घसरेल, याची मालकाला असलेली जाण त्या कलमांतून दिसते.

दुर्दैवाने कलमे टिकली नाहीत. १४६५मध्ये पोर्तिनारी ब्रूजचा प्रमुख झाला. बर्गंडीच्या दरबारात त्याची ऊठबस होती. नंतरच्या करारांत राजेरजवाड्यांच्या कर्जाविषयीची बंधने सैल होत गेली आणि ड्यूक चार्ल्सकडे मोठ्या रकमा अडकल्या. सरव्यवस्थापक फ्रान्चेस्को सास्सेतीने वेळीच लगाम खेचला नाही, असा ठपका इतिहासकार रेमंड द रूव्हर यांनी ठेवला आहे. १४७७मध्ये चार्ल्स नान्सीच्या लढाईत मारला गेला. पुढील काही वर्षांत ब्रूजची शाखा गुंडाळावी लागली. तिकडे लंडनमध्ये चौथ्या एडवर्डला दिलेल्या कर्जांनीही पेढी पोखरली होती. १४९४मध्ये मेदिचींची फ्लोरेन्समधून हकालपट्टी झाली आणि पेढीही संपली.

या कथेचा एक अवशेष आजही पाहता येतो. तानीने मेमलिंगकडून ‘अंतिम न्याय’ हे वेदीचित्र करवून घेतले होते. ते फ्लोरेन्सला नेणारे जहाज पोर्तिनारीच्या जहाजी व्यवहारातलेच होते. १४७३मध्ये दान्झिगच्या पाउल बेनेकेने ते पकडले. चित्र दान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला गेले आणि आजही तेथेच आहे. सावधपणे कलमे पाळणाऱ्याची ठेव धाडसी उत्तराधिकाऱ्याच्या जहाजावरून गेली, हा योगायोगही बोलका आहे.

शाखा अलग ठेवल्यामुळेच पेढी इतक्या वेगाने पसरू शकली; पण त्याच अलगपणामुळे प्रत्येक व्यवस्थापक आपल्या गावी राजा झाला. करारातील कलम स्वतःहून कोणाला आवरत नाही. ते हिशेबाच्या वहीशी ताडून वाचणारा कोणी लागतो. मेदिचींच्या दप्तरात लेखनाची वाण कधीच नव्हती. वाचणारा मात्र उत्तरोत्तर बेफिकीर होत गेला, असे आम्हांला वाटते.