सुरतेची हूल व सुरतेची आवई

खोट्या किंवा अपुऱ्या वार्तेसाठी मराठीत जे अनेक शब्द आहेत, त्यांपैकी 'हूल' आणि 'आवई' यांतील भेद इतिहासाच्या अभ्यासकाने विशेषेकरून ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हूल बुद्धिपुरस्सर दिली जाते. तिच्यामागे ती देणारा असतो आणि त्याचा काही हेतू असतो. आवई उठते, ती कोणी उठविली हे बहुधा सांगता येत नाही. १६६४ ते १६८० या सोळा वर्षांत सुरत शहरात शिवाजी महाराजांच्या आगमनासंबंधी ज्या वार्ता पसरल्या, त्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात. परंतु प्रत्येक वार्तेच्या मुळाशी मराठ्यांच्या हेरांची योजना होती असे गृहीत धरून लिहिण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याला उपलब्ध पुराव्याचा आधार फार थोड्या ठिकाणी मिळतो.

पहिल्या स्वारीच्या बाबतीत हूल निश्चितपणे दाखविता येते. १६६३ च्या अखेरीस जसवंतसिंहाने कोंढाण्यास वेढा घातलेला होता. महाराज आपल्या किल्ल्यांच्या रक्षणात गुंतले असणार असा समज असणे साहजिक होते. इकडे सुरतेची माहिती आधीच काढण्यात आली होती. बहिर्जी जासुदाने तेथील संपत्तीची बातमी आणल्याचे सभासदाने नमूद केले आहे. जानेवारी १६६४ च्या आरंभी सैन्य गुजरातेत शिरले, तेव्हा ही फौज बादशाही पक्षाची असून पाटणकडील बंडखोरांच्या पारिपत्यासाठी अहमदाबादच्या महाबतखानास मिळण्यास चालली आहे, असे वाटेत सांगण्यात आले. या बतावणीचे कौशल्य तिच्या साधेपणात आहे. महाबतखान त्या वेळी खरोखरच गुजरातचा सुभेदार होता, आणि बादशाही फौजांची ये-जा त्या प्रांतास नवी नव्हती. मार्गावरील गावकऱ्यांस किंवा ठाणेदारांस शंका येण्याजोगे तीत काही नव्हते.

मंगळवार, ५ जानेवारी रोजी ही फौज सुरतेपासून सुमारे अठ्ठावीस मैलांवरील गणदेवीस पोचल्याची बातमी शहरात आली, आणि ती कोणाची आहे हेही कळले. (ही तिथी इंग्रज वखारवाल्यांच्या जुन्या पंचांगाची आहे. नव्या गणनेने तो १५ जानेवारी होतो. या दहा दिवसांच्या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे काही सुशिक्षित ग्रंथांतूनही घोटाळे झाले आहेत.) सत्य कळले तेव्हा शहराच्या हाती एक रात्र उरली होती. लोक बायकामुलांसह तापी उतरून पळू लागले. धनिकांनी किल्लेदारास पैसे चारून किल्ल्यात आसरा मिळविला. शहराचा अधिकारी इनायतखान याने बोलणे करण्यास एक माणूस धाडला. तो परत आला नाही, व खान स्वतः किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार बादशाही खजिन्यातून तो उचलीत असे, पण ते शिपाई प्रत्यक्षात ठेवलेले नव्हते. त्याच रात्री महाराजांचा निरोप आला: हाजी सय्यद बेग, वीरजी व्होरा आणि हाजी कासीम या तीन सावकारांसह खानाने समक्ष येऊन खंडणी ठरवावी, अन्यथा शहर जाळले जाईल. त्यास उत्तर गेले नाही. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास सैन्य बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उतरले.

इंग्रजांचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन याने त्या प्रसंगी केलेली गोष्ट युद्धेतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मार्मिक आहे. आपले सुमारे दोनशे लोक घेऊन त्याने ढोल-कर्ण्यांच्या गजरात शहरातून मिरवणूक काढली आणि आपण वखार लढविणार असल्याचे जाहीर केले. दोनशे माणसांनी शहर वाचणार नव्हते; परंतु वखार घेणे महाग पडेल ही वार्ता प्रतिपक्षाच्या कानी जावी एवढाच त्यात हेतू असावा, आणि तो साधला. उलटपक्षी इनायतखानाने दुसऱ्या दिवशी तहाच्या मिषाने पाठविलेल्या तरुणाने महाराजांवर खंजिराचा वार करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. आणि या कपटाची शिक्षा शहरातील कैद्यांना भोगावी लागली. १० जानेवारीस मोगल सैन्य येत असल्याची वार्ता आली व मराठे निघून गेले. ते सैन्य सुरतेस पोचले १७ तारखेस.

यानंतरचा काळ आवईचा आहे. बादशहाने व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली, तटबंदी विटांची करण्याचा हुकूम दिला. मात्र शहराची वृत्ती पालटली ती पालटलीच. पूर्वी खरी बातमी वेळेवर मिळाली नाही. आता खोटीही कोणी नाकारीनासे झाले. त्याच वर्षी एका इंग्रज वखारवाल्याने उपरोधाने लिहिले की, लोकवार्तेने शिवाजीला वायुरूप देह देऊन पंख लावले आहेत, एरव्ही तो इतक्या ठिकाणी एकाच वेळी कसा असू शकेल! या उपरोधात संशोधकाला एक उपयुक्त सूचना आहे. वखारीच्या पत्रांत 'अमुक ठिकाणी शिवाजी आहे असे ऐकतो' असे वाक्य आले, तर ते महाराजांच्या हालचालीचा पुरावा म्हणून घेण्यापूर्वी स्वतंत्र साधनाने ताडून पाहिले पाहिजे. ताडता येत नसेल तर ते सुरतेच्या मनःस्थितीचा पुरावा ठरते, आणि त्या नात्याने त्याचे मोल मुळीच कमी नाही.

दुसऱ्या स्वारीच्या वेळी, १६७० मध्ये, बातमी वेळेवर आली होती. कल्याणास फौज जमत असल्याचे कळताच ती सुरतेवर येणार हे इंग्रजांनी ओळखले, आणि सप्टेंबरातच माल व कौन्सिल सुवाळी बंदरात हलविले. शहराच्या संरक्षणास मात्र तीनशेच माणसे होती. ३ ऑक्टोबरला स्वारी आली आणि तीन दिवसांत आटोपली. त्यानंतर जेमतेम आठवडा गेला असेल, तोच महाराज सहा हजार स्वार व दहा हजार पायदळ घेऊन पुन्हा येत आहेत असा बोभाटा झाला, आणि शहर ओस पडले. कोणीच आले नाही. तथापि त्या दिवसांत जी दुकाने मिटली, जो माल आतल्या मुलखातून निघालाच नाही आणि जी हुंडी वटली नाही, तिचे नुकसान प्रत्यक्ष लुटीइतकेच खरे होते. एक स्वारी करण्यास पंधरा हजारांची फौज लागली. या दुसऱ्या पळापळीस एकही घोडा लागला नाही.

ही आवई मराठ्यांनी उठविली काय? तसा पुरावा नाही. तिचा लाभ मात्र त्यांनी घेतला, आणि तो कसा घेतला हे १६७२ च्या प्रकरणावरून स्पष्ट दिसते. जूनमध्ये जव्हार व पुढे रामनगर घेतल्यावर कल्याणहून सुरतेकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. मग सुरतेस चौथाईच्या मागणीची पत्रे गेली. तिसऱ्या पत्रात ही मागणी शेवटची असल्याचे बजावून असे प्रतिपादन केले होते की, बादशहाने आपणास प्रजेच्या रक्षणासाठी सैन्य बाळगणे भाग पाडले आहे, तेव्हा त्या सैन्याचा खर्च त्याच्याच प्रजेने सोसला पाहिजे. हे पत्र जितके अधिकाऱ्यास उद्देशून होते, तितकेच ज्या शहरात ते वाचले जाणार होते त्या शहरास उद्देशून होते. यात हूलही नाही आणि आवईही नाही. उघड, सही-शिक्क्याची धमकी आहे. पण तिला धार आली ती मागील आठ वर्षांच्या आवयांनी. भीतीचा फायदा घेणारे केवळ मराठेच होते असेही नाही. नगररक्षणार्थ स्वार व प्यादे ठेवण्याच्या नावाखाली सुरतेच्या अधिकाऱ्याने रहिवाशांकडून पैसा गोळा केला. सैन्य काही उभे राहिले नाही.

महाराजांच्या मृत्यूच्या वार्तांची गोष्ट याच मालिकेतली आहे. १६७६ च्या आरंभी सातारा येथील आजारपणात त्यांचा अंत झाल्याची वदंता वखारींपर्यंत गेली होती. म्हणून १६८० च्या एप्रिलमध्ये रायगडावर त्यांचा खरोखर अंत झाला, तेव्हा मुंबईकरांनी २८ एप्रिलला निश्चित म्हणून कळविलेली बातमी सुरतेत सहज पचली नाही. ७ मे रोजी सुरतेहून उत्तर गेले, की सर्व ठिकाणांहून या वार्तेस दुजोरा मिळाला आहे, तरीही काहींचा संशय फिटत नाही. कारण एखाद्या मोठ्या मोहिमेपूर्वी अशाच बातम्या पसरण्याची रीत आहे. बंगालमधील वखारवाले तर त्या वर्षीच्या डिसेंबरातही, इतक्या वेळा मेलेल्या या पुरुषाला लोक अमर समजू लागले आहेत, असे लिहीत होते.