समुद्रजलाचे निःक्षारीकरण

समुद्राच्या पाण्यातील विद्राव्य लवणे काढून ते पिण्यायोग्य करण्याची क्रिया. सागरी पाण्याच्या दर लिटरमध्ये सु. 35 ग्रॅम लवणे असतात. ऊर्ध्वपातन ही जुनी पद्धत होय. मुंबई इलाख्याच्या कारभाराखालील एडन बंदरात पावसाचा भरवसा नसल्याने 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्राच्या पाण्याची वाफ करून ती थंड करणारी संयंत्रे चालविली जात. खुद्द मुंबईला मात्र विहार (1860), तुळशी (1879) व तानसा (1892) हे तलाव लाभले, त्यामुळे समुद्राकडे वळण्याची तिला गरज भासली नाही.

1960 च्या सुमारास सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज ॲसिटेटाचे कार्यक्षम पटल तयार केले आणि व्यस्त तर्षणाची पद्धत व्यवहार्य ठरली. हीत वातावरणीय दाबाच्या 55 ते 70 पट दाबाने खारे पाणी पटलावर लोटतात. पाणी पार जाते, लवणे मागे राहतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे ऊर्ध्वपातन व व्यस्त तर्षण यांची जोड देऊन दररोज 63 लक्ष लिटर क्षमतेचे संयंत्र उभारले. मिंजूर (2010) व नेम्मेली (2013) येथील प्रत्येकी 10 कोटी लिटरच्या संयंत्रांमुळे चेन्नई शहर भारतात या बाबतीत अग्रेसर ठरले.

तंत्र हा आता मुख्य अडसर नाही. वीज हा आहे. हजार लिटरमागे साधारणतः 3 ते 4 युनिट वीज लागते. मुंबई महानगरपालिकेने 2021 मध्ये हाती घेतलेल्या मनोरी येथील नियोजित प्रकल्पाची प्रारंभिक क्षमता दररोज 20 कोटी लिटर असून त्या हिशेबाने त्यास रोज 6 ते 8 लक्ष युनिट वीज लागेल. याउलट वैतरणा व तानसा यांचे पाणी बव्हंशी उतारानेच शहरात येते. शिवाय घेतलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी जवळजवळ दुप्पट खारे होऊन परत समुद्रात सोडावे लागते. मनोरी, गोराई ही मासेमारीची गावे असल्याने ते कोठे व किती खोलवर सोडावयाचे, हा तेथे उपजीविकेचा प्रश्न आहे.

किनाऱ्यापासून दूर पाणी चढवून नेणे आणखी महाग पडते. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तशा टंचाईवर समुद्र हा थेट उपाय नव्हे. परंतु किनाऱ्यावरील शहराने आपली वाढती गरज समुद्रातून भागविल्यास डोंगरातील नद्यांवरील त्याचा भार हलका होऊ शकतो. मुंबईसाठीच योजिलेल्या गारगाई धरणाखाली तानसा अभयारण्यातील वन व काही गावे जाणार आहेत. विजेच्या खर्चाची तुलना करताना ही किंमत सहसा हिशेबात धरली जात नाही.