कोरा पांढरा स्क्रीन, चष्मा घातला की दिसतं चित्र: जुन्या मॉनिटरचा हा जुगाड नेमका चालतो कसा?

रील्समध्ये तुम्ही पाहिलं असेल. टेबलावर एक मॉनिटर, त्यावर नुसता पांढरा उजेड. समोर बसलेला माणूस मात्र आरामात टाईप करतोय. मग कॅमेऱ्यासमोर एक चष्मा धरला जातो आणि त्या पांढऱ्या पडद्यावर अख्खा डेस्कटॉप उमटतो.

हा व्हिडिओ एडिटिंगचा खेळ नाही. जुन्या एलसीडी मॉनिटरवर हे घरी करता येतं. पण यातून प्रायव्हसी किती मिळते, हा प्रश्न वेगळा आहे.

पांढरा का दिसतो?

एलसीडी पॅनेलच्या मागे एक दिवा सतत जळत असतो. काळा रंग दाखवताना तो विझत नाही, फक्त अडवला जातो. अडवण्याचं काम दोन पोलरायझर फिल्म मिळून करतात. एक काचेच्या मागे, एक पुढे. मधल्या थरात लिक्विड क्रिस्टल असतात.

मागची फिल्म एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडते. लिक्विड क्रिस्टल विजेच्या इशाऱ्यावर त्या प्रकाशाची दिशा वळवतात. पुढची फिल्म योग्य दिशेचा प्रकाश बाहेर सोडते आणि बाकीचा गिळते. कुठे किती गिळला यावरून आपल्याला काळं-पांढरं कळतं.

आता पुढची फिल्म काढली तर? चित्राची सगळी माहिती तरीही बाहेर येतेच, पण ती प्रकाशाच्या दिशेत लपलेली असते आणि माणसाच्या डोळ्याला ही दिशा जवळपास कळतच नाही. म्हणून सगळं पांढरं. तीच फिल्म डोळ्यांसमोर धरली की गाळणी परत जागेवर येते.

या फिल्मचा इतिहास जुना आहे. अमेरिकी संशोधक एडविन लँड यांनी १९२९ मध्ये पोलरायझर शीटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे १९३७ मध्ये त्यांनीच पोलरॉइड कंपनी काढली.

मॉनिटरला हात लावण्याआधी हा प्रयोग भंगारातल्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. डिस्प्लेवरची वरची फिल्म सोलली की आकडे गायब होतात आणि तीच फिल्म वर धरली की परत येतात. पोरांना दाखवायला तर हेच जास्त मजेशीर आहे.

मॉनिटरवर करायचं असेल तर

सगळ्यात आधी विजेचं. मॉनिटरच्या आत पॉवर सप्लाय असेल, तर २३० व्होल्टचा करंट आत येऊन कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतो. जुन्या मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी ट्यूबलाईटसारखे बारीक दिवे असतात. त्यांना शेकडो व्होल्ट लागतात आणि आत पारा असतो. त्यामुळे प्लग काढून मॉनिटर बराच वेळ तसाच ठेवा आणि मागच्या सर्किटला अजिबात हात लावू नका. या कामात तिथे जावं लागतही नाही. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा मॉनिटर मिळाला तर उत्तम.

पुढची प्लास्टिकची चौकट काढायची. आत पत्र्याची पट्टी असते, फिल्मची कड तिच्याखाली दबलेली असते. एक कोपरा ब्लेडने अलगद उचलायचा आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढायची. इथे घाई नडते. काच मिलिमीटरहून पातळ असते, जोर दिला की पॅनेल गेलं.

काचेवर डिंक राहतो. ओल्या कापडाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो मऊ करून पुसता येतो. द्रव थेट काचेवर ओतू नका. कडेला बारीक रिबन वायरी असतात, तिथे ओल गेली की स्क्रीनवर कायमच्या रेघा येतात. फिल्मला मात्र थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, ती खराब होते.

खरी गंमत चष्मा बनवताना होते. फिल्म चुकीच्या दिशेने कापली तर चित्र निगेटिव्ह दिसतं. शिवाय डिंकाची बाजू मॉनिटरवर असताना तुमच्यापासून लांब होती, चष्म्याच्या काचेवर बाहेरून चिकटवताना ती तुमच्याकडे येते. म्हणजे फिल्म उलटली, आणि काही पॅनेलमध्ये तेवढ्यानेही निगेटिव्ह होतं. डोकं खाजवत बसू नका. मॉनिटर पुन्हा बंद करून सुरू करा, फिल्मचा तुकडा डिंकाची बाजू स्वतःकडे करून डोळ्यासमोर फिरवा, चित्र नीट दिसलं की वरच्या दिशेचा बाण काढा आणि मग कापा. चिकटवताना बाहेरूनच चिकटवा. आतून लावली तर चष्म्याच्या प्लास्टिकमुळे रंग बिघडू शकतात.

मग गुपित सुरक्षित का?

फार नाही. हे कुलूप आहे खरं, पण त्याची किल्ली कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळते. पोलराइज्ड गॉगल घातलेला माणूस मागे उभा राहिला की संपलं.

किती लवकर संपतं, हे पॅनेलवर ठरतं. आयपीएस आणि व्हीए पॅनेलमध्ये फिल्मची दिशा साधारणपणे आडवी किंवा उभी असते. त्यामुळे गॉगलमधून चित्र लगेच दिसतं, सरळ नाहीतर निगेटिव्ह. गुळगुळीत टेबलावर तिरकं पडणारं प्रतिबिंबही प्रकाश गाळतं, त्यामुळे तिथेही चित्राची झलक दिसू शकते. जुन्या टीएन पॅनेलमध्ये दिशा बहुतेक वेळा ४५ अंशात असते. तिथे गॉगलवाल्याला मान तिरकी करावी लागते. पण तुम्हीही चष्मा घालून मान कलती केलीत की तुमचं चित्र फिकं पडतं.

येता-जाता डोकावणाऱ्या रूममेटपुरता हा उपाय ठीक. बँकेच्या पासवर्डसाठी नाही. आणि पांढऱ्या पडद्याकडे टक लावून बसलेला माणूस लोकांचं लक्ष जरा जास्तच वेधतो.

बाजारात मिळणारी प्रायव्हसी फिल्टरची शीट वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात खिडकीच्या झडपांसारख्या अतिसूक्ष्म पट्ट्या असतात. बाजूला सुमारे ३० अंशांपलीकडून स्क्रीन काळा दिसतो, पण थेट पाठीमागे उभ्या माणसाला सगळं दिसतं. ट्रेनमध्ये, ऑफिसमध्ये शेजारी बसणाऱ्यांसाठी तीच बरी, शिवाय वॉरंटी शाबूत.

लॅपटॉपवर हा प्रयोग करू नका, त्याचं पॅनेल आणखी नाजूक असतं. ओएलईडी फोनवर तर याचा उपयोगच नाही. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो किंवा विझतो आणि वरची फिल्म फक्त बाहेरच्या उजेडाची चमक कमी करते. ती काढली तरी चित्र सगळ्यांना दिसणारच.

आणि सोलताना पॅनेल फुटलंच, तर ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत पाऱ्याचे दिवे असू शकतात, ते न फोडता अख्खा मॉनिटर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.