मोरियांची घरे : दख्खनच्या प्राचीन दफनवास्तू आणि त्यांचे लोकनाम

कृष्णा, भीमा व तुंगभद्रा यांच्या खोऱ्यांतील माळरानांवर दगडांच्या गोलाकार राशी आणि उभ्या शिळांच्या पेट्या जागोजागी आढळतात. या लोहयुगीन दफनवास्तू होत. ज्यांनी त्या रचल्या त्यांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. परंतु भोवतालच्या कन्नडभाषी ग्रामस्थांनी त्यांना ‘मोरियांची घरे’ या अर्थाचे नाव परंपरेने जपले. मोरिया म्हणजे ठेंगणे, पण अचाट बळाचे लोक, अशी समजूत होती. शिळापेटीस पाडलेले वाटोळे छिद्र पाहता घराची ही कल्पना सुचणे स्वाभाविकच होते.

हे नाव कागदावर उतरविणाऱ्यांत कर्नल फिलिप मेडोज टेलर यांचा मान मोठा आहे. निजामाच्या सेवेतील हे अधिकारी १८४१ ते १८५३ या काळात सुरपूर संस्थानात होते. त्यांनी लोकांचे नाव व समजूत नोंदविली आणि भीमेकाठच्या जेवर्गी येथील राशी उकरून पाहिल्या. आत सांगाडे व मृद्भांडी निघाली. ‘घरे’ ही थडगी ठरली. उत्खननातील थरांची त्यांनी काढलेली चित्रे इतकी काटेकोर होती, की पुढे मॉर्टिमर व्हीलर यांनीही त्यांची प्रशंसा केली.

निवृत्तीनंतर टेलर आयर्लंडमध्ये राहिले. १८६२ मध्ये तेथील रॉयल आयरिश अकादमीपुढे त्यांनी दख्खनच्या या वास्तूंची युरोपातील तशाच वास्तूंशी तुलना मांडली. दोहोंचे कर्ते एकाच वंशाचे असावेत, हा त्यांचा तर्क आज ग्राह्य नाही, कारण आयर्लंडमधील मोठ्या दगडी समाध्या दख्खनच्या वास्तूंहून हजारो वर्षे जुन्या आहेत. त्यांचा तर्क मागे पडला. नोंदी मात्र टिकल्या.

‘मोरिया’ या शब्दामुळे मौर्यांची आठवण होते. कोप्पळ येथे अशोकाचे शिलालेख आहेत. १९१५ मध्ये मस्की येथे सापडलेल्या लेखात तर त्याचे नावही आहे. कोप्पळ जिल्ह्यातीलच हिरेबेणकल येथे शेकडो शिळापेट्या असलेली टेकडी ‘मोर्यांचा डोंगर’ म्हणून ओळखली जाते. तथापि केवळ नामसाम्य हा पुरावा नव्हे. दफनाची ही रीत मौर्यांपूर्वीच रूढ झाली होती. दक्षिणेत अन्यत्र अशाच वास्तूंना पांडवांचे नाव मिळाले आहे. लोकनाम इतिहासाचा काळ सांगत नाही. हे ढिगारे निसर्गाचे नव्हेत, कोणा पूर्वीच्या मानवांचे आहेत, एवढी खूण मात्र ते पिढ्यानुपिढ्या सांभाळते.

हिरेबेणकलचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत झाला. ज्या राशींचे नावच विसरले गेले, त्या मात्र बांधकामाच्या दगडासाठी फुटतात किंवा नांगराखाली जातात. देवस्थानांच्या जुन्या दप्तरांत शेतांची, वाटांची, पाषाणांची अशी कितीतरी नावे असतात. जाणती माणसे हयात आहेत तोवर त्या नावांची जागा व कथा लिहून ठेवणे, हे महाजनांच्या हाती असलेले मोलाचे कार्य होय.