घोडा उठून उभा राहीपर्यंत

सोलापूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घोडीवाले चाचा राहायचे. लग्नसराईत वरातीला त्यांची राणी ठरलेली. मी चौथीत असताना एका रात्री राणीच्या पोटात दुखायला लागलं. ती खाली पडून लोळायची, चाचा तिला उठवून चालवायचे, ती परत पडायची. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. सकाळी राणी गेली.

नुकतंच आजीचं अपेंडिक्स काढलं होतं, त्यामुळे मी बाबांना विचारलं, "ऑपरेशन का नाही केलं?" बाबा म्हणाले, "घोड्याचं तसं करत नाहीत रे."

गेले दोन वीकेंड मी या एका वाक्याच्या मागे लागलोय. तर मंडळी, बाबांचं उत्तर अर्धंच बरोबर होतं.

राणीला जे झालं त्याला इंग्रजीत कॉलिक म्हणतात, म्हणजे साधा पोटशूळ. हा एक आजार नाही, नुसतं लक्षण आहे. कारणं पुष्कळ. घोड्याच्या पोटाची रचनाच अशी की आपल्या टेस्टिंग टीमने ती कधीच पास केली नसती. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठरात काही साठलं तर ते नळीनेच काढावं लागतं, नाहीतर जठर फुटू शकतं. लहान आतडं वीसेक मीटर लांब. मोठ्या आतड्याला एके ठिकाणी यू-टर्न आहे आणि नेमकं तिथेच ते अरुंद होतं. वर त्याचा बराच भाग पोटात मोकळाच, कुठे बांधलेला नाही. गॅस झाला की तो सरकतो, कधी पीळ बसतो. पीळ बसला की रक्तपुरवठा बंद, आणि मग हातात फक्त काही तास.

राजाचा घोडा असो की वरातीचा, यातून सुटका नव्हती. एक्लिप्स हा इंग्लंडचा दंतकथा झालेला घोडा. १८ शर्यती धावला, एकही हरला नाही. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो पोटशुळानेच गेला. सेंबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं शवविच्छेदन केलं, त्याने त्याचं नाव झालं, आणि १७९१ साली लंडनमध्ये पशुवैद्यक कॉलेज निघालं तेव्हा तो तिथला पहिला प्रमुख झाला. एक्लिप्सचा सांगाडा आजही त्या कॉलेजकडे आहे. आपल्याकडे मुंबईत परळला असं कॉलेज निघालं ते १८८६ मध्ये.

म्हणजे पोटात काय बिघडतं हे मेलेल्या घोड्यात बघता येत होतं. जिवंत घोड्याचं पोट उघडून ते दुरुस्त करणं मात्र जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लांब होतं. अडचण भुलीची होती. १९५६ मध्ये हॅलोथेन हे भुलीचं नवं औषध माणसांसाठी वापरात आलं आणि लवकरच घोड्यांसाठीही वापरायला लागले. १९६० आणि ७० च्या दशकांत पोटाची ऑपरेशनं खऱ्या अर्थाने सुरू झाली. घोड्याला क्रेनने उचलून टेबलावर उताणा ठेवायचा, पोट मधोमध उघडायचं, पीळ सोडवायचा, सडलेला भाग कापून दोन टोकं जोडायची.

मला वाटलं, संपली गोष्ट. पण खरी गंमत पुढेच आहे.

माणूस शुद्धीवर येतो तेव्हा पडून राहतो. घोडा हा शिकार होणारा प्राणी. पडून राहिला तर कोणीतरी खाईल, हे त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे डोळे उघडले की तो उठायला बघतो. पाय अजून बधिर, वजन साडेचारशे-पाचशे किलो. धडपडला तर पाय मोडतो.

१९७५ मध्ये अमेरिकेत हेच घडलं. ती पोटाची केस नव्हती, पायाची होती. रफियन ही घोडी सलग दहा शर्यती जिंकलेली. ६ जुलैच्या शर्यतीत तिचा पुढचा पाय मोडला. रात्री ऑपरेशन झालं. भूल उतरली आणि ती पडल्या पडल्याच पळायला लागली, जणू शर्यत चालूच होती. पायाचं प्लास्टर गेलं, पाय परत मोडला. तिला कायमचं झोपवावं लागलं.

मग घोड्याला शुद्धीवर आणायचं कसं, यावर लोकांनी खूप डोकं चालवलं. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये घोड्याला खास तराफ्यात घालून पोहण्याच्या तलावात जागं करतात. कितीही पाय मारले तरी लागतं पाणीच. २००६ मध्ये बार्बारो हा डर्बी विजेता तिथेच सुखरूप शुद्धीवर आला होता (पुढे आठ महिन्यांनी खुरांच्या आजारामुळे तो गेला, ते वेगळं). बाकी बहुतेक ठिकाणी गाद्या लावलेली खोली आणि डोक्याला-शेपटीला दोर.

तरी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४१ हजारांहून जास्त घोड्यांच्या पाहणीत भूल दिल्यावर सात दिवसांत शंभरातले जवळजवळ दोन घोडे गेले होते. पोटशुळाच्या केसेस वगळल्या तर शंभरात एक. आणि उभा राहिला म्हणजे सुटला असंही नाही. आतडं परत चालू व्हायला हवं, खाणं मूठमूठ वाढवायचं, टाके जपायचे. कामावर परतायला साधारण तीन महिने.

आता बाबांच्या उत्तराकडे. घोड्याचं ऑपरेशन करतात. पण त्याला क्रेन लागते, गाद्यांची खोली लागते, पाच-सहा माणसं लागतात, भरपूर पैसे लागतात, आणि हे सगळं काही तासांच्या आत पोचता येईल इतकं जवळ लागतं. आमच्या गल्लीत त्या रात्री एक नळी, एक डॉक्टर आणि चाचा होते. डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं केलं, हे मला आज कळतंय.

चाचा मात्र रात्रभर तिला चालवत होते. पुढे त्यांनी दुसरी घोडी घेतली नाही, रिक्षा घेतली.