काउचसर्फिंग

काउचसर्फिंग : परगावी जाणाऱ्या प्रवाशास अनोळखी यजमानाच्या घरी बिनमोबदला मुक्काम मिळावा, या हेतूने २००४ साली अमेरिकेत सुरू झालेले संकेतस्थळ आणि त्याच्या आश्रयाने देशोदेशी वाढलेला सदस्यसमुदाय. प्रवासाच्या सोयीपेक्षा वेगळ्याच एका कारणासाठी या स्थळाची नोंद अगत्याची ठरते. जून २००६ मध्ये त्याचे दप्तर नष्ट होऊन खुद्द संस्थापकाने ते संपल्याचे जाहीर केले असता, सदस्यांनी ते काही दिवसांत पुन्हा उभे केले. आणि पुढे पाचच वर्षांनी तेच स्थळ खासगी भांडवलावर चालणारी कंपनी झाले, तेव्हा त्याच सदस्यांच्या हाती निषेधाच्या अर्जाखेरीज काही उरले नव्हते. जे पहिल्या प्रसंगी साधले ते दुसऱ्या प्रसंगी का साधले नाही, हा या इतिहासातील खरा विचारणीय भाग होय.

परक्याला घरी उतरवून घेण्याची रीत सर्व समाजांत जुनी असली, तरी तिला यादीवार आणि देशोदेशी चालणाऱ्या व्यवस्थेचे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर आले. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार देणारा बॉब लुइटवाइलर हा अमेरिकन तरुण आणि त्याचे डेन्मार्कमधील सहकारी यांनी १९४९ साली जो शांतताप्रसाराचा उपक्रम आरंभला, त्यातून सर्वास ही संस्था निघाली. तिच्यावर गांधीविचाराचा ठसा होता. प्रवाशाने संस्थेच्या कार्यकर्त्यास आधी मुलाखत द्यावी, त्याच्याकडून परिचयपत्र घ्यावे आणि मग यादीतील यजमानांशी संधान बांधावे, असा तिचा शिरस्ता होता. एस्पेरांतो या कृत्रिम भाषेच्या अनुयायांनी १९७४ पासून पास्पोर्ता सेर्वो या नावाने यजमानांच्या पत्त्यांची पुस्तिका चालवली. इंटरनेट आल्यावर टपाल आणि पुस्तिका यांची जागा संकेतस्थळांनी घेतली, व जर्मनीत फाइट क्यूने याने २००० साली हॉस्पिटॅलिटी क्लब सुरू केला. काउचसर्फिंग हे या परंपरेत आद्य नव्हे. व्याप आणि कीर्ती या बाबतीत मात्र त्याने सर्व पूर्वजांस मागे टाकले.

त्याचा संस्थापक केसी फेंटन हा न्यू हॅम्पशायर राज्यातील संगणक-कार्यक्रमकार. १९९९ साली बॉस्टनहून आइसलँडला जाण्याचे स्वस्त विमानतिकीट त्याच्या हाती आले, परंतु तेथे उतरण्याची सोय नव्हती. तेव्हा आइसलँड विद्यापीठाच्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना त्याने ईमेलने पत्र धाडले आणि आमच्याकडे उतरा अशी कित्येक आमंत्रणे त्यास आली. (विद्यार्थ्यांचे पत्ते त्याने ज्या वाटेने मिळवले ती काटेकोरपणे सनदशीर नव्हती, हे संस्थेच्या पुढील इतिहासाकडे पाहता ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) त्याच वर्षी त्याने संकेतस्थळाचे नाव नोंदवले, एप्रिल २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या कायद्यान्वये ना-नफा संस्था स्थापन केली, आणि डॅन हॉफर, सेबास्तियाँ ल तुआन व लिओनार्दो सिल्व्हेरा यांच्या सहकार्याने जून २००४ मध्ये स्थळ खुले केले.

स्थळाची रचना वरवर साधी होती. सदस्याने आपले नाव, छायाचित्र, भाषा, आवडीनिवडी लिहाव्यात. घरी निजण्यास सोफा आहे, स्वतंत्र खोली आहे की जमिनीवर अंथरावी लागणारी गादी आहे, घरात मांजर आहे काय, धूम्रपान चालते काय, याचा तपशील द्यावा. आणि पाहुणा घेण्यास आपण राजी आहोत, नाही, की मुक्कामास जागा नसली तरी सोबत कॉफी घेण्यास तयार आहोत, ते सांगावे. अशी माहिती कोणतीही धर्मशाळा देऊ शकते. या व्यवस्थेचा प्राण त्यानंतरच्या भागात होता. मुक्काम आटोपल्यावर पाहुणा व यजमान एकमेकांविषयी अभिप्राय लिहीत, आणि तो पुढे येणाऱ्या प्रत्येकास वाचता येई. याशिवाय एखाद्या सदस्यावर आपला पूर्ण विश्वास आहे असे हमीदाखल नोंदवण्याची सोय होती. पण ती ज्यास स्वतःला इतर तिघांची हमी लाभली आहे त्यालाच. ज्यास नाव-पत्त्याची रुजवात करून हवी असेल त्याने कार्डावरून शुल्क भरावे, मग त्याच्या पत्त्यावर सांकेतिक क्रमांक असलेले पोस्टकार्ड येई व तो क्रमांक स्थळावर नोंदवला की ओळख पक्की होई. संस्थेचे उत्पन्न मुख्यत्वे या शुल्कातून आणि देणग्यांतून येत असे. पेढीच्या खतावणीत जशी रकमेची पत साठत जाते तशी येथे माणसांची साठत होती, आणि ही खतावणी सदस्यांनी आपापल्या हाताने लिहिलेली होती.

जून २००६ च्या अखेरीस हीच खतावणी बुडाली. साठवणयंत्राचा बिघाड आणि राखीव प्रती ठेवण्याच्या व्यवस्थेतील दोष एकाच वेळी उघडकीस आले. एकट्या बिघाडावर इलाज होता. पण ज्या प्रतींच्या भरवशावर निश्चिंत राहावे त्याच अपुऱ्या निघाल्याने दप्तराचा बराचसा भाग कायमचा गेला. फेंटनने सदस्यांस पत्र लिहून हे कळवले आणि पूर्वीचे काउचसर्फिंग आता उरले नसल्याचे जाहीर केले. स्थळ पुन्हा उभारावे असे त्याचे स्वतःचे मत नव्हते. वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करून वाढवलेली वस्तू एका तडाख्यात गेल्यावर माणसाचे मन विटावे, हे समजण्यासारखे आहे. अमेरिकेतील तंत्रविषयक वृत्तस्थळांनीही स्थळ बंद पडल्याची बातमी दिली.

सदस्यांनी मात्र हा निर्णय मानला नाही. विरोधाची पत्रे देशोदेशींहून येऊ लागली. आणि येथे एका योगायोगाने मोठे काम केले. स्थळाचे काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी काही आठवडे एकत्र राहून, एकत्र स्वयंपाकपाणी करून संगणकाचे काम उरकावे, अशी एक पद्धत या समुदायात पडली होती. त्यास ते कलेक्टिव्ह म्हणत. असे एक कलेक्टिव्ह नेमके त्याच वेळी कॅनडातील मॉन्ट्रिऑल शहरी भरले होते. जी माणसे एरवी निरनिराळ्या खंडांत विखुरलेली असती आणि ज्यांचा संताप पत्रव्यवहारातच विरून गेला असता, ती या घटकेस एका ठिकाणी, कामाच्या तयारीने बसलेली होती. मूळ स्थळ पूर्णपणे नव्याने रचण्याचा संकल्प त्यांनी केला. जुलैच्या आरंभी काउचसर्फिंग २.० ची घोषणा झाली. दहा दिवसांत ते चालू करावे असा बेत होता. प्रत्यक्षात त्याची पहिली आवृत्ती चौथ्याच दिवशी चालू झाली. सदस्यांनी आपली माहिती पुन्हा भरावी, असे आवाहन करण्यात आले आणि त्यांनी ती भरली.

हे शेवटचे वाक्य वाचताना सोपे वाटते, पण त्यात दडलेली मेहनत संगणकावरील मेहनतीपेक्षा कमी नव्हे. रचना चार माणसे चार दिवसांत नव्याने लिहू शकतात. मजकूर मात्र ज्याचा त्यानेच भरावा लागतो. त्यातही आपले नाव, गाव, घरातील गादी आणि मांजर यांची माहिती आपल्याला पुन्हा लिहिता येते. दुसऱ्याने आपल्याविषयी दिलेली साक्ष आपल्याला लिहिता येत नाही. ती हवी तर ज्याच्या घरी कधीकाळी दोन रात्री काढल्या, त्याने आठवणीने परत येऊन ती द्यावी लागते. म्हणजे अशा दप्तराची पुनर्रचना हा एकेकट्याचा उद्योग नव्हे. प्रत्येकाची पत इतर कोणाच्या तरी तत्परतेवर अवलंबून असते. ज्या समुदायात माणसे खरोखर एकमेकांच्या घरी जेवलेली असतात तेथेच हे घडू शकते, आणि केवळ वाचनासाठी जमलेल्या मंडळीत ते घडणे दुर्घट, असे आम्हास वाटते.

या पुनरुज्जीवनानंतर सदस्यसंख्या झपाट्याने वाढली, गावोगावी मेळावे होऊ लागले. मुंबई व पुणे येथेही यजमानांचे व प्रवाशांचे असे गट होते. परंतु ज्यांनी स्थळ वाचवले त्यांचा त्यावर हक्क काय, या प्रश्नाला तेव्हा कोणी हात घातला नाही. मॉन्ट्रिऑलमध्ये बिनपगारी राबणाऱ्यांपैकी कोणाच्याही नावे एक चिठोरा लिहिला गेला नव्हता. सदस्यांची सर्वसाधारण सभा नव्हती, मतदान नव्हते. संस्थेचा कारभार संचालक मंडळाकडे आणि पर्यायाने संस्थापकांकडे होता. हा पेच प्रथम २००७ साली उघड झाला, जेव्हा स्वयंसेवकांकडून गोपनीयतेच्या करारनाम्यावर सह्या मागण्यात आल्या. मोफत काम करणाऱ्याने आपल्याच कामाविषयी मौन पाळण्याची लेखी हमी द्यावी, हे अनेकांस, विशेषतः मुक्त आज्ञावलीचा पुरस्कार करणाऱ्या कार्यक्रमकारांस, मानवले नाही. त्यांतील काही जण बाहेर पडले आणि हॉस्पिटॅलिटी क्लबातून फुटून निघालेल्या स्वयंसेवकांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या बीवेलकम या स्थळास मिळाले. हे स्थळ फ्रान्समध्ये नोंदलेल्या एका सभासद-संस्थेच्या मालकीचे आहे. तेथील संचालक मंडळ सभासद निवडतात.

नोव्हेंबर २००७ मध्ये काउचसर्फिंगने अमेरिकेच्या संघीय करखात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून करमाफी मिळावी असा अर्ज केला. तो बराच काळ भिजत पडून २०११ च्या आरंभी नामंजूर झाला. त्यावर संस्थेने जो मार्ग धरला तो सदस्यांस अनपेक्षित होता. ऑगस्ट २०११ मध्ये तिने नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचे रूप घेतल्याचे जाहीर केले आणि बेंचमार्क कॅपिटल व ओमिड्यार नेटवर्क यांच्याकडून ७६ लाख डॉलरांचे भांडवल घेतले. पुढील वर्षी आणखी दीड कोटी डॉलर आले. सामाजिक हेतू जपणारी कंपनी असे प्रमाणपत्रही तिने मिळवले होते, परंतु त्याने कोणाचे समाधान झाले नाही. स्थळावरच निषेधाचे गट निघाले, जुने कार्यकर्ते राजीनामे देऊ लागले. २०१२ साली कंपनीने सेवाशर्तींचा जो नवा मसुदा लागू केला, त्यात सदस्यांच्या मजकुरावर कंपनीस इतके व्यापक अधिकार दिले होते की जर्मनीचे तत्कालीन संघीय माहितीसंरक्षण आयुक्त पेटर शार यांनी त्यावर जाहीर टीका केली.

२००६ चा उत्साह या वेळी निष्फळ का ठरला, याची मीमांसा सदस्यांच्या औदासीन्यात शोधणे अन्यायाचे होईल. संख्या तर पूर्वीपेक्षा अनेक पटींनी अधिक होती. आधीच्या प्रसंगी जे नष्ट झाले होते ते सदस्यांच्या हातचे होते: स्मृती, मजकूर, श्रम. त्यांनी ते पुन्हा पुरवले आणि मालकानेही ते स्वीकारले, कारण त्यात त्याचे नुकसान काहीच नव्हते. दुसऱ्या प्रसंगी काहीही नष्ट झाले नव्हते. यंत्र सुरळीत चालू होते, दप्तर शाबूत होते, फक्त ते कोणाच्या नावावर आहे हे स्पष्ट झाले. ज्याची कागदोपत्री मालकी नाही, त्याच्या वहिवाटीला इंटरनेटच्या व्यवहारात अद्याप कोणताही कायदा ओळखत नाही. लाखो अभिप्राय लिहिणाऱ्यांना ते उचलून दुसरीकडे नेण्याचीही सोय नव्हती, आणि अभिप्रायावाचून नव्या ठिकाणी गेलेला जुना यजमान हा तेथे नवखाच.

पुढील वर्षांत मुख्याधिकारी बदलत गेले, २०१३ च्या शरदात नोकरकपात झाली आणि उत्पन्नाची निश्चित तजवीज काही लागेना. २०२० साली कोविडच्या साथीने जगाचा प्रवास थांबला, तसे कंपनीने १४ मे रोजी अनेक देशांतील सदस्यांवर मासिक अथवा वार्षिक वर्गणी बसवली. रक्कम किरकोळ होती, महिन्याला तीन डॉलरांच्याही आत. संतापाचे कारण तिची अंमलबजावणी हे होते. पूर्वसूचना न देता दार लावण्यात आले, आणि वर्गणी भरल्याशिवाय सदस्यास स्वतःच्याच जुन्या पत्रव्यवहाराकडे व अभिप्रायांकडे जाता येईना. ज्या पिढीने २००६ मध्ये आपली माहिती दुसऱ्यांदा लिहून दिली होती, तिला आता तीच वाचण्यासाठी पैसे मोजावे लागणार होते.

त्या घटनेनंतर सदस्य पांगले. काही बीवेलकमकडे, काही २०१४ साली निघालेल्या व विशेषतः अंगठा दाखवून वाहनांतून फुकट फिरणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या ट्रस्टरूट्सकडे गेले, तर एका गटाने २०२० मध्येच काउचर्स हे नवे स्थळ उभारण्यास घेतले. त्याची आज्ञावली पहिल्यापासून सर्वांस खुली आहे आणि काम स्वयंसेवक करतात. मॉन्ट्रिऑलच्या मंडळींनी चार दिवसांत स्थळ उभे केले होते. काउचर्सच्या प्रवर्तकांनी रचनेबरोबर नोंदणीचे कागद आणि घटना यांवरही वेळ घालवणे पत्करले. अमेरिकेच्या करखात्याने काउचसर्फिंगला नाकारलेली करमुक्त ना-नफा संस्थेची मान्यता काउचर्सला मिळाली आहे.