क्रीटचा जासूद

ऑब्स्टॅकलवर ९ फुटी खंदकापाशी दम खात बसलेल्या एका पोरानं मला विचारलं, “उस्ताद, ड्रोनच्या जमान्यात एवढं पळायचं कशाला?” त्याला तेव्हा आणखी एक चक्कर दिली. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

ख्रिस्तोफर मॅकडूगल हा मुळात असोसिएटेड प्रेसचा बातमीदार. अंगोला, रवांडा इथून त्यानं युद्धाच्या बातम्या पाठवल्या. ‘बॉर्न टू रन’ (२००९) मुळे धावणाऱ्यांत त्याचं नाव झालं. माझ्या मते आपल्यासारख्यांनी त्याचं २०१५ सालचं ‘नॅचरल बॉर्न हीरोज’ आधी वाचावं, कारण ते क्रीट बेटावरच्या लढाईचं आहे.

मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले आणि बेट पडलं. मूठभर ब्रिटिश अधिकारी डोंगरात धनगरांच्या आधारानं लपून राहिले. २६ एप्रिल १९४४ ला पॅट्रिक ली फर्मर, स्टॅनली मॉस आणि क्रीटच्या साथीदारांनी जनरल क्रायपेला त्याच्याच मोटारीतून पळवलं. २२ नाके पार केले, मग इडा पर्वतावरून पायी नेऊन १४ मे रोजी त्याला बोटीत चढवलं.

हे अंगात कुठून आलं, याचा शोध घेत मॅकडूगल जॉर्ज हेबर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापर्यंत जातो. हेबरचं सूत्र एकच: उपयोगी पडण्यासाठी बळकट व्हा. आपल्या ऑब्स्टॅकलच्या भिंती-दोरांमागे त्याचीही पद्धत आहे. चरबीवर चालणाऱ्या शरीराबद्दल लेखक बरंच सांगतो. मला ते थोडं ताणलेलं वाटलं. चढावर जन्म काढलेल्या धनगराला सिद्धांत लागत नाही.

आणि एक हिशेब मला जड गेला. खरं सावज जनरल म्युलर होता. त्याची बदली झाली म्हणून क्रायपे सापडला. पुढे म्युलर परत आला. त्याच्या १३ ऑगस्ट १९४४ च्या हुकुमानं अनोगिया गाव जमीनदोस्त झालं, आणि हुकुमात दिलेल्या कारणांत हे अपहरणही होतं.

त्या पोराला मी नंतर सांगितलं ते जॉर्ज प्सिखुंडाकिसबद्दल. असी गोनियाचा हा गरीब धनगर फाटक्या बुटांनी, उपाशीपोटी डोंगर ओलांडत निरोप पोचवायचा. आपल्या पेशवाईच्या कागदांत अशाला जासूद म्हणतात. युद्ध संपल्यावर कागदपत्रांच्या घोळात तोच पळपुटा ठरला आणि तुरुंगात गेला. त्यानं आठवणी लिहिल्या. ली फर्मरनं त्यांचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९५५ मध्ये छापून आला.

उतारवयात त्यानं मालेमेच्या दफनभूमीत राखणदाराची नोकरी केली. तिथल्या कबरी जर्मन सैनिकांच्या आहेत.

पोरानं विचारलं, “मग पळाला कशासाठी, उस्ताद?” शिट्टी झाली, आम्ही उठलो.